खळीनं चिकटवलेला धडा

आमच्या घरी शाळेची पुस्तकं आली, की ती आधी चिकटवायची आणि मगच उघडायची. हे मी परवा नातवाला सांगितलं, तेव्हा त्यानं मोबाइलमधून डोकं वर काढून माझ्याकडे असं पाहिलं, जणू आजीला आता कुठल्यातरी डॉक्टरला दाखवायची वेळ झाली. पण खोटं कशाला सांगू? दहावीच्या वर्षी नालवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, नव्याकोऱ्या पुस्तकांना कव्हरं चढायच्या आधीच, माझ्या सख्ख्या बापानं स्वतःच्या हातानं त्यातले कितीतरी धडे बंद करून टाकले होते. आणि ही अक्कल त्यांची एकट्याची नव्हती. तिच्यामागे ढोक सर होते.

ढोक सर म्हणजे वर्ध्यातल्या शिकवण्यांचे महाराज. स्वतःच्या घराच्या पडवीत, अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, असे ते बसत. खर्रा सांडू नये म्हणून हनुवटी वर करून बोलत, त्यामुळे सर आपल्याशी नाही, छताच्या पालीशी बोलताहेत असं वाटायचं. शिकवणीच्या पहिल्या दिवशी ते शिकवत काहीच नसत. त्या दिवशी ते फक्त धडे मारत. कुठल्या साली काय आलं, त्यावरून यंदा काय येणार नाही, याचा त्यांचा हिशेब तोंडपाठ. जे येणार नाही ते ऑप्शनला टाकायचं. आता ऑप्शनला तर सगळ्या महाराष्ट्रातली पोरं टाकत आली, त्यात नवल नाही. पण ढोक सर तेवढ्यावर थांबत नसत. “पाहा बाप्पा,” ते पालीला सांगत, “विद्या हाय अनंत, अन् पेपर हाय तीन तासाचा. जे येत नाई ते वाचाचं नाई. नजर गेली का डोस्क्यात शिरते, अन् डोस्क्यात शिरलं का जागा अडवते. पानं बंद करून आना उद्या.” मग पोरं मुकाट्यानं घरी जाऊन त्या धड्यांना स्टेपलरच्या पिना मारत. सर दुसऱ्या दिवशी पुस्तकं तपासत, आणि पिना बरोबर असल्या की तेवढ्यापुरता खर्रा थुंकून शाबासकी देत.

माझ्या वडिलांना पिना पटल्या नाहीत. “पिन काय, नखानं निघते,” ते म्हणाले. बाबा सिंचन खात्यात रेकॉर्ड सांभाळणारे कारकून होते. फाटके नकाशे कापडावर चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या ऑफिसात कोणी नव्हता, आणि हे कौशल्य मुलीच्या शिक्षणाच्या कामी येतंय म्हटल्यावर त्यांना हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. आईनं मैद्याची खळ शिजवली. कसर लागू नये म्हणून बाबांनी तिच्यात चिमूटभर विषारी मोरचूद टाकलं. खळ निळसर झाली. मग अंगणात सतरंजी अंथरून, जिभेचं टोक बाहेर काढून, त्यांनी एकेक पान ब्रशनं असं चिकटवलं, की भूगोलाच्या पुस्तकात मध्येच पुठ्ठ्याची फळी बसवल्यासारखं वाटू लागलं. वरून पाटा ठेवला. दोन दिवस आम्ही चटणी वाटली नाही. सरांनी ते पुस्तक पाहिलं तेव्हा खर्रा न थुंकताच शाबासकी दिली.

बाबांना मी मेरिटमध्ये यायला हवी होते. नुसती पास नाही, फर्स्ट क्लासही नाही. बोर्डाच्या यादीत नाव, आणि पेपरात फोटो. तो फोटो आजच्या वाचकांनी पाहिला नसेल, कारण आता ती यादीच बंद झाली, एक ब्याद गेली. त्यात तेलानं चापून वेणी घातलेली एक पोरगी असायची, तिच्या तोंडात अर्धा पेढा, आणि तो पेढा भरवणारा बापाचा हात. बाप फोटोच्या बाहेर कापलेला असायचा, फक्त हात. बाबा निकालाच्या दिवसांत चहा घेताना ते पान उलगडून बसत आणि म्हणत, “माहा नुसता हात आला तरी बस झालं.” त्यांना स्वतःला शिकायचं होतं. पण आजोबांनी मॅट्रिकनंतर ऑफिसात चिकटवून दिलं, आणि त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. म्हणून मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी मायाही वाटायची. या दोन्ही गोष्टी एकाच पोटात घेऊन दहावीचं वर्ष काढणं म्हणजे काय, हे ज्यानं काढलं त्यालाच कळेल. त्यातून त्यांनी अट घातलेली. मेरिट आलं, तर मी हवं ते वाचावं, जन्मभर वाचावं, कोणी हूं की चूं करणार नाही. नाही आलं, तर हे वाचनालयातून पुस्तकं आणून लोळत पडणं कायमचं बंद, आणि बारावीपर्यंत ढोक सर सांगतील तेच. बारावीनंतर अर्थातच डॉक्टर. सेवाग्रामच्या रस्त्यानं पांढरे कोट घालून जाणारी पोरं बाबांना रोज दिसत, आणि त्यातला एक कोट त्यांनी मनातल्या मनात माझ्या मापाचा शिवून ठेवलेला होता.

आता मला सांगा, एखाद्या पोरीला तुम्ही पुस्तक दिलं आणि म्हटलं, यातलं हे हे वाचू नको, तर ती काय करेल? सरांनी तपासलेले उघडे धडे मला पाठ होते. इतके पाठ, की त्यांच्याकडे पाहिलं की ओकारी यायची. माझा सगळा जीव त्या फळीत अडकला होता. आमच्याकडे संध्याकाळी चुलीवर तुरीचं वरण शिजायचं. बाजूच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की आई लाकडं सारायची, आणि पातेल्यावरचं झाकण थडथड उडायला लागायचं. एका संध्याकाळी ती सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला वाडीत गेली, आणि मी झाकण काढून भूगोल वाफेवर धरला. खळ काय, शेवटी मैदाच. थोड्या वेळानं पानाचा कोपरा सुटला. मग दुसरं पान. बोटं भाजत होती आणि मी हसत होते. तेवढ्यात आई दारात उभी. ओरडली नाही. पुस्तकाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काऊन वो, अक्कल गहाण ठेवली काय? थे निळं पानी डाळीत पडलं असतं तं अख्खं घर ऑप्शनला गेलं असतं!” धोका नको म्हणून तेवढं वरण तिनं उकिरड्यावर ओतलं, त्या दिवशी आम्ही भाकर मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं माझ्यासाठी नुसत्या पाण्याचं पातेलं वेगळं ठेवायला सुरुवात केली. बाबांनी विचारलं तर म्हणायची, पोरीले सर्दी हाय, वाफ घेऊन राह्यली. त्या वर्षी मला इतकी सर्दी झाली, की बाबा काढा घेऊन मागे लागले होते.

वाफेवर जो धडा पहिला सुटला, तो खडकांचा होता. अगदी साधा, चार-सहा पानांचा, काळी पांढरी चित्रं असलेला. त्यात लिहिलं होतं, की आपल्या पायाखालचा काळा दगड हा कधीकाळी जमिनीच्या भेगांतून वर आलेला तापलेला रस आहे. तो वाहत गेला, थरावर थर साचले आणि निवले. निवताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाण्यातून स्फटिक तयार झाले. आणि तो दगड झिजून, कुजून त्याची काळी माती झाली, जिच्यात कापूस होतो. मी ते वाचलं आणि अंगणात जाऊन उभी राहिले. धुणं धुवायचा काळा दगड तिथंच होता. त्याच्यावर बारीक बारीक भोकं होती. जन्मापासून मी त्याच्यावर बसत होते, त्या भोकांतला साबण काडीनं काढत होते, आणि ते बुडबुडे आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं! मला आधी आनंद झाला आणि मग भयंकर राग आला. म्हणजे हे सांगायचं सोडून हे लोक माझ्याकडून पंचवार्षिक योजनांची उद्दिष्टं पाठ करून घेत होते? त्या रागाला आता किती वर्षं झाली, पण तो अजून ताजा आहे, चहात साखर कमी पडल्यासारखा मधूनमधून येतो.

इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचकांची फसवणूक नको. मी पुढे दगडांची मोठी जाणकार वगैरे काही झाले नाही. डॉक्टर तर नाहीच नाही. मी बँकेच्या काउंटरवर बसून दुसऱ्यांचे पैसे मोजत रिटायर झाले. पण माझ्या पलंगाखाली चार खोकी दगड आहेत. सून झाडताना म्हणते, “आई, याचा उपयोग काय?” मी म्हणते, “काहीच नाही.” तिला वाटतं मी चिडून बोलते.

परीक्षेच्या आधी बाबांनी नवसांची मोहीम काढली. धड्यांच्या बाबतीत एवढे काटेकोर असलेले आमचे बाबा देवांच्या बाबतीत मात्र एकालाही ऑप्शनला टाकायला तयार नव्हते. केळझरचा गणपती झाला, गल्लीतला मारोती झाला, आणि शेवटी आम्ही एसटीनं गिरडला गेलो, टेकडीवरच्या दर्ग्याला. आमच्याकडे हिंदूच काय, सगळेच जातात. तिथं टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, सुपारीएवढे, जायफळाएवढे. सांगतात, की मालानं भरलेल्या गाड्या घेऊन व्यापारी चालले होते, फकीरबाबांनी विचारलं गाड्यांत काय आहे, ते मस्करीत म्हणाले दगड आहेत, आणि सगळ्या मालाचे दगड झाले. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी घाबरायचे आणि काही दिवस खोटं बोलायचं टाळायचे. या वेळी बाबा आत चादरीचा नवस बोलत होते, आई प्रसादाचा मलिदा बांधून घेत होती, आणि मी पायरीच्या कडेला सापडलेली एक दगडाची सुपारी हातात घेऊन तिच्याकडे पाहत होते. गोष्ट खरी असो की धडा खरा असो, दोघांचाही निकाल आत होता. मी दुसरा दगड घेतला आणि हाणला.

सुपारीचे दोन तुकडे झाले आणि आत पांढरंशुभ्र चमकलं. बारीक बारीक सुया, बारशाला फोडलेल्या नारळाच्या खोबऱ्याहून पांढऱ्या. मी ओरडलेच. बाबा धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला. माझ्या हातातले दोन तुकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. “शोभे, काय केलं हे? नवस बोलून पाठ नाई फिरली अन् तू देवाच्या दारातला दगड फोडला? लोकाइचे पोट्टे शिकले नाई म्हणून दगडं फोडते, अन् तू शिकून फोडून राह्यली!” गर्दी जमली. पायरीवर फुलं आणि अगरबत्ती विकणारे एक म्हातारे चाचा उठून आले. “कायको चिल्ला रहे भाई बच्ची पे? दिखाव तो बेटा.” त्यांनी तुकडा उन्हात धरला, चष्मा वर केला, खाली केला. “अरे वा! इतने साल से इसके बाजू में बैठा हूँ, अंदर क्या है कभी देखा नहीं.” मग त्यांनी तो शेजारच्या रेवडीवाल्याला दाखवला, त्यानं बायकोला बोलावलं, आणि जरा वेळ सगळी पायरी त्या दगडाभोवती गोळा झाली. मी चढ्या आवाजात बुडबुड्यांचं सांगत होते. फक्त बाबा ऐकत नव्हते. ते परत आत गेले होते. बाहेर आले तेव्हा कळलं, एका चादरीच्या दोन कबूल करून आले. बसमध्ये मी त्यांना सांगायला लागले, तर म्हणाले, गप बस, ते ऑप्शनला हाय. कोणता धडा बंद आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. उघडा कसा झाला, हे मात्र त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

मग परीक्षा आली. सगळे पेपर सरांनी सांगितले तसे गेले, त्यांच्या हिशेबाला तोड नव्हती, हे मान्य करायलाच हवं. आणि शेवटी भूगोल. खडकांचा प्रश्न आला का? कुठला यायला! सर उगीच महाराज नव्हते. पण एका कोपऱ्यात, दोन मार्कांसाठी होतं, ‘कारणे द्या: महाराष्ट्र पठारावर काळी मृदा आढळते.’ सरांचा नियम, दोन मार्क म्हणजे चार ओळी, पाचवी लिहाल तर हात तोडीन. मी चार ओळी लिहिल्या. मग पाचवी लिहिली. आणि मग जे सुटले, ते थांबेनाच. तो तापलेला रस, ते थर, धुण्याच्या दगडावरची भोकं, गिरडची सुपारी, समुद्रपूरकडचं आमचं वावर आणि पावसाळ्यात त्या मातीत चप्पल कशी रुतते, सगळं लिहिलं. पुरवणी मागितली. तिच्यात चित्र काढलं. खिडकीबाहेर कडुनिंबाचा मोहर गळत होता, पंखा करकरत होता, आणि मला कशाचंही भान नव्हतं. आयुष्यात मी एवढी सुखी फार थोड्या वेळा झाले. लग्नातसुद्धा नाही, आणि नवरा हे वाचणार आहे तरी लिहिते. घंटा झाली तेव्हा नकाशाचा अख्खा प्रश्न कोरा होता. फाटकाशी बाबा उन्हात सायकल धरून उभे होते. कसा गेला, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “बाबा, असा पेपर कधीच नाई गेला!” त्यांनी तिथल्या तिथे उसाचा रस पाजला, बर्फ घालून, जो एरवी घशाला वाईट म्हणून मना होता.

निकाल लागला आणि मेरिट कुठल्या कुठे राहिलं. बाकी विषयांत भरघोस, भूगोलानं आपटवलं. पेपरात पेढा खाणारी पोरगी हिंगणघाटची होती. शेजारच्या भोयर काकू कुंपणावरून म्हणाल्या, “होते जी असं, नशिबाच्या गोष्टी,” आणि इतक्या मायेनं म्हणाल्या, की आईनं दुसऱ्या दिवशी त्यांना कढीपत्ता दिला नाही. बाबा मात्र शांत होते. त्यांची खात्रीच होती की बोर्डात कोणीतरी बेरीज चुकवली. “मानूसच हाय, होते चूक,” असं म्हणत त्यांनी गुणपडताळणीचा अर्ज केला, स्वतः नागपूरला खेटे घातले. मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण त्यांची आशा पाहून माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि बाबांची खळ तुम्ही पाहिलीच आहे.

ज्या दिवशी बेरीज बरोबर असल्याचं उत्तर आलं, त्या संध्याकाळी त्यांनी कपडे बदलले नाहीत. आईनं अंगणात सडा टाकला होता, खाट बाहेर काढली होती, झुणक्याचा वास येत होता. ते ऑफिसच्या पॅन्टीतच खाटेवर बसले. “सरानं तुह्याकडून नकाशा डोळे बांधून काढून घेतलता,” ते म्हणाले, “काय झालं, शोभे? बिमार पडली काय तू तिथं?” मी सांगितलं. नकाशा सुटला नाही, मी सोडला. दोन मार्कांच्या उत्तराला पुरवणी लागली. आतून आईच्या भाकरीची थापथाप थांबली. बाबांनी बोर्डाचं उत्तर घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाले, “म्हंजे तुले येत होतं. येत असून गमावलं.” आवाज फुटका होता. मारलं असतं तर बरं, असं मला वाटलं. “आजपासून ढोक सराच्या पुस्तकाबिगर घरात कागुद दिसला नाई पाह्यजे. ठरलं होतं आपलं.” मी मान हलवली. ठरलं होतंच. मला रडू आलं, मेरिटचं नाही, वाचन गेलं त्याचं, आणि त्यांच्या त्या फुटक्या आवाजाचं.

“एवढं लिव्हलं तरी काय दोन मार्काले?” त्यांनी रागानंच विचारलं. “रामायन?” मग मीही पेटले. म्हटलं, जातंच आहे तर सगळं सांगून जाऊ दे. डोळे पुसत, तावातावानं, मी त्यांना अख्खं उत्तर म्हणून दाखवलं. रस, थर, बुडबुडे. वावराशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला. “थांब. आपल्या वावरातली माती? ते आग होती म्हनते तू?” मी म्हटलं, हो. बाबा लहानपणी त्या मातीत अनवाणी वखरामागे चालले होते. ते आपल्या पायांकडे पाहू लागले. “बरं. पुढं?” मी गिरडची सुपारी सांगितली, पोकळीत पाणी जाऊन स्फटिक झाले ते सांगितलं. आईनं ताट आणून ठेवलं. बाबांनी घास मोडला आणि तसाच हातात ठेवला.

“एक सांग मले. चहू बाजूनं दगड, दार ना खिडकी. मंग आत पानी शिरलं कुठून?”

मला माहीत नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. “धड्यात नाई दिलं, बाबा.”

“असं कसं नाई दिलं? एवढा मोठा धडा, अन् मेन गोष्टच नाई?” आता ते खरोखर संतापले, माझ्यावर नाही, पुस्तकावर. “अवो, जेवा ना, भाकर थंडी होऊन राह्यली,” आई म्हणाली. “होऊ दे थंडी.” त्यांनी घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे वळले. “मोठ्या पुस्तकात असंन. उद्या मी हाफ डे टाकतो. वाचनालयात जाऊ आपन, दगडाचं सगळ्यात जाडं जे असंन ते काढू.” मी वाचनालयाचं कार्ड शोधायला उठले. त्यांना वाटलं, मी घाई करतेय.

“अन् सांगून ठेवतो,” बाबा म्हणाले, “आधी मी वाचीन.”